राणी कोट्याला गेलीच नव्हती

झाशीच्या राणीचा शेवट कुठे झाला? ग्वाल्हेरला, असं आपण सगळ्याच पटकन सांगू. पण परवा लेकीच्या प्रकल्पासाठी एक जाडजूड कोश उघडला, तर त्यात राणीची शेवटची लढाई चक्क कोट्याची म्हणून छापलेली. तेही राजस्थानातलं कोटा! मला राहवेना. संपादकांना सविस्तर पत्रच धाडलं.

घोटाळा कसा झाला असेल, ते कळतं. ग्वाल्हेरच्या आग्नेयेला काही मैलांवर कोटा की सराय नावाचं ठिकाण आहे. सराय म्हणजे वाटसरूंची उतरण्याची जागा. नोंद लिहिणाऱ्याने सराय गाळली आणि राणीला भलतीकडेच नेऊन ठेवलं. बरं, १८५८ मध्ये राजस्थानातल्या कोट्यातही लढाई झाली होती. पण मार्चअखेर इंग्रजांनी ते शहर घेतलं, तेव्हा राणी झाशीच्या वेढ्यात तोफा लढवत होती!

काशीला मोरोपंत तांब्यांच्या घरी जन्मलेली, बिठूरला वाढलेली मनू १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांची राणी झाली. पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात मूल दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी नवराही गेला. कंपनीने दत्तक नामंजूर केलं, १८५४ त झाशी खालसा केली. एका विधवेने गप्प बसावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार.

एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला झाशी पडली. राणी रात्रीतून निसटून काल्पीला पोचली. मे महिन्यात काल्पीही गेली. मग १ जूनला शिंद्यांची फौज फुटली आणि ग्वाल्हेर हाती आलं. तिथे रावसाहेब पेशव्यांचे दरबार, मेजवान्या सुरू झाल्या. राणीला मात्र हे रुचलं नाही, असं सांगतात. तिने शहराच्या पूर्वेची बाजू सांभाळायला घेतली.

म्हणून तर हे नाव महत्त्वाचं. ती किल्ल्याच्या तटाआड नव्हती. १७ जूनला ब्रिगेडियर स्मिथची फौज कोटा की सरायवरून चालून आली, आठव्या हुसार घोडदळाने हल्ला केला, तेव्हा ती वाट अडवून उभी होती. घोड्यावर, पुरुषी पोशाखात. त्याच लढाईत ती पडली. काही जण १८ जून धरतात. तारखेचा वाद आहे, जागेचा नाही.

तिसाव्या वर्षाच्या आतबाहेरचं वय. २० जूनला ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. तिचा दामोदर पुढे इंदूरला राहिला. समाधी ग्वाल्हेरलाच आहे, फूलबागेत.