गोपाळबाबा वलंगकर आणि पलटणीचे कागद

बाबासाहेबांच्या आधी आपल्या समाजातून लेखणी घेऊन जे उभे राहिले, त्यांत गोपाळबाबा वलंगकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे ते एका निकडीच्या कारणासाठी. ते कारण आपल्या घरातल्या जुन्या ट्रंकेत पडलेले असण्याचा संभव आहे.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळचे. गावात राहिले असते तर महारकीपलीकडे त्यांच्या वाट्याला काही आले नसते. ते पलटणीत गेले. गावच्या शाळेची पायरी ज्यांना बंद होती, त्यांना लष्करात अक्षराची ओळख होत असे. सन १८८६ मध्ये निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. तेथे आपले अनेक पेन्शनर वस्ती करून होते. महात्मा फुले यांच्या विचारांचा गोपाळबाबांवर खोल परिणाम झालेला होता. ‘दीनबंधु’ पत्रातून ते अस्पृश्यांची दुःखे मांडू लागले. सन १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून विटाळ मानणाऱ्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारले. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्थाही त्यांनीच स्थापन केली.

पुढे घाला आला. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत, असे सरकारी धोरण ठरले आणि सन १८९२ च्या सुमारास महार, चांभार आदींची भरती बंद झाली. म्हणजे पगार गेला, पेन्शन गेली आणि मुलांची शाळाही गेली. तेव्हा गोपाळबाबांनी सन १८९४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीस उद्देशून अर्ज तयार केला. आमच्या बापजाद्यांनी सरकारची चाकरी इमानाने केली आहे, मग आम्हांस दार का बंद, असा त्याचा रोख होता. हे बोलणे केवळ तोंडचे राहिले असते तर त्याला किंमत नव्हती. मागे सेवेचा इतिहास होता, म्हणून अर्जाला वजन होते.

त्याच अर्जात आपले पूर्वज मूळचे क्षत्रिय होते, असेही त्यांनी मांडले. दारावर जातीचाच पहारा होता, म्हणून त्यांना जातीच्या भाषेत बोलावे लागले. बाबासाहेबांनी सन १९४८ च्या ग्रंथात वेगळा विचार सांगितला. अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते, असे त्यांनी मांडले. आज आपल्याला क्षत्रियपणाचा दाखला नको आहे. पण त्यामुळे गोपाळबाबांची धडपड उणी ठरत नाही.

सन १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातींच्या सभासदांनी त्यांच्याबरोबर बसण्यास हरकत घेतली. सन १९०० मध्ये त्यांचे निधन झाले. दार त्यांच्या हयातीत उघडले नाही. पण मागणी मेली नाही. सन १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपुढे नेली. पहिल्या महायुद्धात, सन १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर तीही मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभारली गेली, ती मात्र टिकली.

आता विचार करा. गोपाळबाबांचा तो अर्ज आपणांस का ठाऊक आहे? बाबासाहेबांचे चरित्रकार चांगदेव खैरमोडे यांच्या संग्रहात तो जपला गेला म्हणून. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ शेवटी असलेली नावे कोरली गेली, म्हणून १ जानेवारी १८१८ ची लढाई आपली म्हणता आली. दगड टिकला. कागद मात्र वाळवी खाते.

दीक्षा घेतल्यावर आपण देव्हारे बाहेर काढले, ते योग्यच केले. पण त्या भरात आजोबांचे पेन्शनबुक, डिस्चार्जचा कागद, मनीऑर्डरीच्या पावत्याही काही घरांतून चुलीत गेल्या. कागदावर जुनी जात लिहिली आहे, म्हणून लाज वाटते. बंधूंनो, तो कागद म्हणजे देव नव्हे. त्याला हळदकुंकू वाहू नका आणि जाळूही नका. आहे ते आहे तसे पाहावे, हीच तथागतांची शिकवण आहे. ज्यांनी जात लादली त्यांना लाज वाटावी. ज्यांनी ती सोसून पोराला शाळेत घातले त्यांच्या वारसांना ती कशाला?

अशा कागदावर आजोबांचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि पलटण सापडते. आपल्या समाजाच्या वंशावळी भाटांनी लिहिल्या नाहीत. पलटणीच्या कारकुनाने लिहिले तेवढेच कित्येकांच्या हाती आहे. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक घरी असेल तर सोनाराकडे मोडू नका. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर व पलटण कळली की पुराभिलेखागारात किंवा रेजिमेंटच्या कचेरीत पुढची विचारणा करता येते. ती नसेल तर अर्ज कोणत्या आधारावर करणार?

म्हणून एवढे करा. कागद कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकचा थर चढवू नका. त्याची छायाप्रत काढून विहारात एक ठेवा. मोडी वाचणारा म्हातारा माणूस गावात असेल तर आजच त्याच्याकडून वाचून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले ते मुलीच्या वा मुलाच्या हाताने वहीत उतरवा आणि कोणी सांगितले, केव्हा सांगितले, तेही लिहा.

मात्र एक पथ्य पाळा. आमचे आजोबा सुभेदार होते म्हणून ज्यांचे आजोबा रानात राबले त्यांच्यापुढे मिरवू नका. जन्माचा गर्व मोडण्यासाठीच आपण हा धम्म स्वीकारला. कागद जपायचा तो मोठेपणासाठी नव्हे. आपण कोठून निघालो, हे पुढच्या पिढीला दुसऱ्या कोणाला विचारावे लागू नये, यासाठी.