तिसऱ्यांदा उघडलेले दार

चित्रपटाचे किंवा नाटकाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत प्रवेश मिळवायचा तर नुसते गुणपत्रक पुरत नाही. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, स्वतःच्या कामाचे नमुने अशा अनेक कसोट्यांतून जावे लागते. त्यात नकार आला की आपल्या अंगी काही नाहीच, असे उमेदवाराला वाटू लागते. असा नकार दोन वेळा पचवून पुढे जगप्रसिद्ध झालेले पोलंडचे दिग्दर्शक क्रिस्तॉफ किश्लोव्हस्की यांचे चरित्र म्हणूनच आपणा विद्यार्थ्यांना जवळचे वाटावे असे आहे.

त्यांचा जन्म २७ जून १९४१ रोजी वॉर्सा येथे झाला. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. वडील इंजिनिअर, पण क्षयाने ग्रासलेले. एका आरोग्यधामातून दुसऱ्या आरोग्यधामात त्यांचे उपचार चालत आणि त्यांच्यामागोमाग सारे कुटुंब गावे बदलत राही. आई कारकुनी करून घर चालवी. सोकोवोव्स्को नावाच्या डोंगराळ गावी सिनेमा दाखवला जाई, पण तिकिटाला पैसे नसत. मग इतर मुलांबरोबर क्रिस्तॉफही छपरावर चढे आणि झरोक्यातून पडद्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढाच पाही. पुढे साऱ्या जगाने ज्यांचे चित्रपट पाहिले, त्यांची सिनेमाशी पहिली ओळख ही अशी!

शिक्षणाची त्यांना फारशी गोडी नव्हती. १९५७ मध्ये ते अग्निशामक दलाच्या विद्यालयात दाखल झाले. वडिलांनी अडवले नाही. परतल्यावर मुलगा आपण होऊनच शिकू म्हणेल, हे त्यांनी ओळखले होते आणि झालेही तसेच. तीन महिन्यांत गणवेश आणि शिस्त यांना कंटाळून ते घरी आले. नंतर वॉर्सातील नाट्यतंत्र विद्यालयात गेले, तेही तिथले प्रमुख नात्यातले होते म्हणून. पण तिथे नाटकाचे वेड लागले आणि दिग्दर्शक होण्याची इच्छा मनात धरूनच १९६२ साली ते बाहेर पडले.

नाट्यदिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला आधी पदवी हवी होती. ती मिळवण्याचा मार्ग म्हणून त्यांनी लॉड्झ येथील चित्रपट विद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. जागा मोजक्या, उमेदवार पुष्कळ. पहिल्या वर्षी नकार आला. दुसऱ्या वर्षीही आला. त्या दिवशी वॉर्सामध्ये भर पावसात त्यांची आईशी भेट झाली. हे क्षेत्र तुझ्यासाठी नसेल कदाचित, असे तिने हळूच सुचवले. तिच्या गालांवर पाऊस होता की आसवे, हे त्यांना कळले नाही. एव्हाना दिग्दर्शक होण्याची त्यांची हौस ओसरली होती, परंतु या शाळेत शिरायचेच, हा निश्चय त्यांनी तिथेच केला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात एक वाया गेलेले वर्ष म्हणजे एका वर्षाची बुडालेली कमाई असते. घरी पुन्हा अर्ज भरण्याची गोष्ट काढायलाही जीभ रेटत नाही. किश्लोव्हस्की यांच्या घरीही श्रीमंती नव्हती. मधल्या काळात त्यांनी नगर प्रशासनाच्या सांस्कृतिक विभागात नोकरी केली आणि वॉर्साच्या एका नाट्यगृहात नटांना कपडे चढवण्याचे काम केले. सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी उपाशी राहून वजनही घटवले.

१९६४ साली त्यांनी तिसऱ्यांदा परीक्षा दिली. सामुदायिक संपर्काची साधने कोणती, असा प्रश्न तोंडी परीक्षेत आला. अपेक्षित उत्तर होते वृत्तपत्र, रेडिओ, दूरदर्शन. परंतु पोलिश भाषेत संपर्क आणि वाहतूक या दोहोंना एकच शब्द चालतो. त्यांनी ट्राम, बस, ट्रॉलीबस आणि थोडा विचार करून विमान अशी उत्तरे दिली. परीक्षकांना हा तल्लख विनोद वाटला आणि म्हणूनच आपल्याला घेतले असावे, असा तर्क ते पुढे गमतीने करीत. १९६६ साली विद्यालयात असताना त्यांनी केलेल्या एका लघुपटाचे नाव 'ट्राम' असावे, हा मौजेचा योगायोग!

त्यांनी गाळात गेलेली समजली असतील ती वर्षे मात्र वाया गेली नव्हती. नाटकाच्या पडद्यामागचे जे जग त्यांनी विद्यालयात आणि नाट्यगृहात जवळून पाहिले, तेच १९७५ च्या 'पर्सोनेल' या चित्रपटात आले. त्याचा नायक नाट्यगृहाच्या शिवणखात्यात कामाला लागलेला एक कोवळा तरुण आहे. १९७९ मध्ये 'कॅमेरा बफ'ला मॉस्को महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. नंतर दहा भागांचा 'डेकलॉग' आला आणि १९९३-९४ मध्ये 'थ्री कलर्स' ही चित्रपटत्रयी. पुढच्या काळात त्यांनी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलेही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १३ मार्च १९९६ रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते निवर्तले.

प्रवेश ही काही अंशी नशिबाची बाब आहे, हे त्यांच्या ट्रामच्या उत्तरावरून दिसतेच. पण आत गेल्यावर सांगण्यासारखे काही गाठीशी असणे ही नशिबाची बाब नाही. ती पुंजी त्यांनी दार बंद असताना, दुसऱ्यांचे कपडे सांभाळताना जमवली. अर्ज भरणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींनी नमुन्यांच्या फाइलबरोबर एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.