डेटा बदलत गेला तरी... : जॉन गॅरंडची गोष्ट

मशीन डिझाइनच्या पेपरात 'अझ्यूम सूटेबल डेटा' ही ओळ दिसली की आपल्याला केवढं हायसं वाटतं! डेटा आपला, उत्तरही आपलंच. पण नोकरीत डेटा गिऱ्हाईक देतं, आणि डिझाइन पुरं होत आलं की तेच गिऱ्हाईक तो बदलून टाकतं. हे ज्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आलं आणि तरी ज्याने ड्रॉइंग बोर्ड सोडला नाही, अशा एका माणसाची ही गोष्ट. नाव जॉन गॅरंड. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

जॉनचा जन्म १ जानेवारी १८८८ चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सेंट रेमी इथला. घरात पोरांचं लेंढार, शेतीवर गुजराण. आई वारल्यावर कुटुंब अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात आलं. शाळा लवकर सुटली आणि हा पोरगा कापड गिरणीत झाडू मारायला लागला. झाडता झाडता त्याचं लक्ष मात्र मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे! बघत बघत तो स्वतःच मशिनिस्ट झाला. पुढे ब्राउन अँड शार्प या मशीन टूल्स आणि मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या नामांकित कंपनीत त्याने काम केलं. फावल्या वेळेचा छंद एकच, नेमबाजी. हात मशीनवर तयार झाला होता, डोळा निशाण्यावर.

पहिल्या महायुद्धात त्याने एका मशीनगनचं डिझाइन सरकारला पाठवलं. ती बंदूक काही सैन्यात गेली नाही, पण माणूस सरकारच्या नजरेत भरला. १९१९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्यात तो रुजू झाला. काम दिलं ते असं : साध्या शिपायासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल बनवायची.

आपल्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना बोल्ट रायफल माहीत आहे. गोळी झाडली की बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, पुन्हा नेम धरा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम रायफल स्वतः करते; शिपायाने फक्त दर वेळी ट्रिगर दाबायचा. ऐकायला सोपं आहे. पण ही रायफल एका शौकिनासाठी नव्हती, लाखो शिपायांसाठी होती. म्हणजे ती हलकी हवी, दणकट हवी, चिखलात चालायला हवी आणि सरकारला परवडायलाही हवी. यातलं एक ओढलं की दुसरं सुटतं! मजबुती वाढवली की वजन वाढतं. वजन कमी केलं की धक्का खांद्याला जास्त बसतो.

गॅरंडच्या पहिल्या डिझाइनमध्ये काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरच्या मागे सरकण्याने रायफलीचं कुलूप उघडायचं. कल्पना हुशारीची होती, रायफल चालतही होती. पण १९२० च्या दशकात सैन्याने काडतुसाची दारू बदलली आणि प्रायमर जागेवर घट्ट दाबून बसवायला सुरुवात केली. झालं! कित्येक वर्षांचं काम गेलं. गॅरंड दुसऱ्या वाटेला लागला. नळीतल्या गॅसचा थोडा भाग वापरून पिस्टन मागे ढकलायचा, त्याला जोडलेल्या दांड्याने बोल्ट फिरून उघडायचा, रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि स्प्रिंगने पुढचं आत न्यायचं.

तोवर सैन्यातल्या तज्ज्ञांचा कल ७ मिलिमीटरच्या लहान काडतुसाकडे झुकला होता. हे काडतूस जॉन पेडरसन या प्रतिस्पर्धी डिझाइनरचं. काडतूस लहान म्हणजे रायफल हलकी, धक्का कमी आणि एका भरणीत १० गोळ्या. चाचण्यांत गॅरंडची रायफल पेडरसनच्या रायफलीला भारी ठरली. आणि १९३२ साली सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी निर्णय दिला की काडतूस जुनंच, ७.६२ मिलिमीटरचंच राहील. कारण हिशेबाचं होतं. मंदीचे दिवस, तिजोरीत खडखडाट, आणि गोदामांत जुन्या काडतुसांचा प्रचंड साठा. मशीनगनही त्याच काडतुसावर चालायच्या. कागदावरचं चांगलं डिझाइन गोदामापुढे हरलं!

आपण असतो तर वैतागून राजीनामा लिहिला असता. गॅरंडने मात्र जुन्या काडतुसाच्या रायफलीचं कामही बाजूला चालू ठेवलं होतं. १० च्या जागी ८ गोळ्या झाल्या, वजन सुमारे ४.३ किलो झालं, पण रायफल उभी राहिली. ९ जानेवारी १९३६ रोजी ती 'एम१' या नावाने सैन्यात दाखल झाली. १९१९ पासून मोजा, १७ वर्षं!

त्या ८ गोळ्यांच्या क्लिपमध्येही तडजोड आहेच. सैन्याला रायफलीच्या पोटाखाली लोंबणारं मॅगझिन नको होतं. म्हणून पत्र्याची क्लिप गोळ्यांसकट आत जायची आणि शेवटची गोळी झाडली की टणकन बाहेर उडायची. क्लिप स्वस्त, हरवली तरी दुःख नाही, भरणं झटपट. पण दोनचार गोळ्या झाडल्यावर मध्येच पुन्हा भरायचं म्हटलं तर पंचाईत. आणि भरताना अंगठा वेळेवर काढला नाही तर बोल्ट त्यावरच यायचा. अशा ठेचलेल्या अंगठ्याला शिपायांनी रायफलीचंच नाव दिलं होतं.

दाखल झाली म्हणजे संपलं असं नाही. सुरुवातीच्या रायफलींत गॅस नळीच्या तोंडाशी अडवून घेतला जायचा. तिथे काजळी साचायची, पुढचा भाग हलायचा. शेवटी नळीला खालून बारीक भोक पाडून गॅस घ्यायची रचना आली. मग दुसरं दुखणं निघालं. आठातली सातवी गोळी अडकायची! शोधाशोध केली तेव्हा कळलं की कारखान्यात मशीनिंग करताना आतल्या गोळीला वाट दाखवणाऱ्या कडेचा थोडा भाग कापला जात होता. जेमतेम एवढुसा धातू, पण लढाईत तेवढ्यावर एका माणसाचा जीव. मशीनिंग सुधारलं, आधी बनलेल्या रायफली वेल्डिंग करून दुरुस्त केल्या. आपण वर्कशॉपमध्ये जॉब थोडा जास्त घासला गेला की 'चालतंय रे' म्हणतो, त्याची आठवण झाली.

गॅरंडचं मोठेपण मला इथे दिसतं. त्याने नुसती रायफल काढली नाही, ती बनवणारी टूल्स आणि मशीन्सही स्वतः डिझाइन केली. एक नमुना कोणीही सुंदर बनवेल. हजारावा तुकडा पहिल्यासारखाच निघायला हवा, हे खरं कठीण. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत सुमारे ४० लाख रायफली तयार झाल्या. तेव्हा जर्मन आणि जपानी पायदळातले बहुतेक शिपाई बोल्टच ओढत होते.

आणि एवढं करून गॅरंडला मिळालं काय? पगार आणि पदकं. पेटंटचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये आलं, पण मंजूर झालं नाही. १९५३ ला तो निवृत्त झाला आणि १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्डमध्येच वारला. तो कारखाना १९६८ सालीच बंद झाला. आता तिथे संग्रहालय आहे.

बंदूक म्हणजे माणूस मारायचं यंत्र, हे विसरून तिचं कौतुक करू नये. पण ती बनवणाऱ्याच्या टेबलावरून शिकण्यासारखं बरंच आहे. सगळ्यात उत्तम असं डिझाइन नसतंच. काय सोडायचं आणि काय मुळीच सोडायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं. गॅरंडने हलकं वजन सोडलं, दोन गोळ्या सोडल्या, पैसेही सोडले. ट्रिगर दाबला की रायफल चाललीच पाहिजे, हे मात्र सोडलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी प्रोजेक्ट गाईडने फायनल रिव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात विषय बदलला, तर हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन शिव्या जरूर द्या. पण खाली आल्यावर नवीन शीट घ्या!