बसलेल्या आवाजातून घडलेली गायकी

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानात उणियारा येथे झाला. ऐन उमेदीत, अति गाण्याने त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीसारखा पुन्हा कधी लागलाच नाही. गवयावर याहून मोठे संकट कोणते! पण खाँसाहेबांनी रियाज सोडला नाही. आहे त्या आवाजाला शोभेल अशी नवी वाट त्यांनी शोधली. बंदिशीचा मुखडा मनात धरायचा, लयीशी खेळत पेचदार तानांनी राग वाढवायचा आणि अलगद समेवर यायचे. ऐकायला सोपे, गायला महाकठीण! १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणले. पुढे गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी ही विद्या त्यांच्याकडून घोटून घेतली. (केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली.) खाँसाहेब १९४६ साली मुंबईत पैगंबरवासी झाले.