रेव्हरंड ना. वा. टिळक आणि मराठी उपासनागीत

फुलामुलांचे कवी ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली ओळख. ती खोटी नाही, अपुरी आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीला एकत्र गाता यावे म्हणून त्यांनी केलेले कार्य तिच्यामागे झाकले जाते.

टिळकांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या मार्गाने आल्या. मधल्या ताटातुटीची हकीकत विद्यार्थ्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मुळातूनच वाचावी.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्या काळी उपासनेतील बरीच गीते इंग्रजीवरून भाषांतरित असून पाश्चात्त्य चालींवर गायली जात. येथे भाषेचीच अडचण उभी राहते. इंग्रजी पद्याची लय आघातावर चालते, तर मराठी पद्याची अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर. परक्या चालीत ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागते, दीर्घ आखडावे लागते आणि ओळखीचा शब्दही कानाला अनोळखी होतो. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत मग शास्त्रवचनाचा अर्थही पोहोचत नाही. कृष्णराव सांगळे यांनी आपल्या पदांतून व कीर्तनांतून देशी वाट आधीच दाखविली होती. टिळकांनी अभंग जवळ केला. त्याचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण भजनांमुळे खेडोपाडी जिभेवर बसलेले होते.

रूप संतांचे घेतले, तर आशय शास्त्राशी इमानी राहील काय? टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात. हे वारकऱ्यांचे संबोधन. मात्र यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आईप्रमाणे सांत्वन करतो, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीशी स्वतःची तुलना करतो. शब्द पंढरीच्या वाटेवरचा असला तरी कल्पनेला शास्त्राचा आधार आहे. प्रस्तुत लेखकास हे टिळकांचे सर्वांत मोठे यश वाटते.

1917 मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे प्रवेश होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात.