वाटाणे मोजणारा शेतकऱ्याचा मुलगा



मृग जवळ आला की एक प्रश्न दरवर्षी हमखास कानावर येतो. मागच्या साली हायब्रीड झकास आलं, सगळं रान एकसारखं दिसत होतं. मग त्याच मालातलं निवडक बी राखून पेरलं तर बिघडलं कुठं? पिशवीचे पैसे तरी वाचतील. प्रश्न रास्त आहे. आपल्या बापजाद्यांनी हेच केलं. खळ्यावर टपोरी कणसं निवडायची, बी राखेत घोळून ठेवायचं आणि पुढच्या साली पेरायचं. मग हायब्रीडच्याच बाबतीत आम्ही शेती खात्याची माणसं नको का म्हणतो?

याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या मुलानं शोधून ठेवलं आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आपल्या मुलांनी वाचलेलं असतं, पण त्यांच्या वाटाण्यांचा आपल्या बियाण्याच्या पिशवीशी काय संबंध, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज ग्रेगर मेंडेल यांची हकिगत.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मधला. गाव त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातलं एक खेडं. आज ते चेक प्रजासत्ताकात मोडतं. घरचं नाव योहान. वडील अंतोन हे शेतकरी, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीला जावं लागे. उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती आणि थोडी फळझाडं. त्यांना कलमं बांधायची आवड होती. गावचे पाद्रीही फळझाडांचे जाणकार होते आणि शाळेतल्या पोरांना ते ज्ञान देत. म्हणजे झाडाचा गुण कसा टिकवायचा, हा विषय योहानच्या कानावर लहानपणापासून पडत होता.

पोरगा हुशार निघाला, म्हणून त्याला शहरातल्या शाळेत घातलं. पण घरून खर्च पुरेना. अर्धपोटी राहून शिकावं लागलं. १८३८ साली वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे अधू झाले. योहान तेव्हा सोळा वर्षांचा. शिकवण्या घेऊन त्यानं कसंबसं शिक्षण चालू ठेवलं. शेत पुढे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या ताब्यात गेलं. धाकटी बहीण थेरेसिया हिनं आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या वाट्यातला काही भाग भावाच्या शिक्षणाला दिला. हे ऋण मेंडेल विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला.

तरीही पैशाची ओढाताण संपेना. शेवटी १८४३ साली ब्रनो शहरातल्या मठात ते दाखल झाले. तिथे दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नव्हती आणि अभ्यासाला मोकळीक होती. तिथेच त्यांना ग्रेगर हे नाव मिळालं. ब्रनो हे लोकरीच्या धंद्याचं शहर. चांगल्या मेंढ्याचे गुण पिल्लात उतरतात ते कसे, यावर तिथले पैदासकार आपसात चर्चा करीत. मठाचे प्रमुख नाप यांनाही या विषयात रस होता. त्यांनी मेंडेल यांना व्हिएन्ना विद्यापीठात दोन वर्षं शिकायला पाठवलं. तिथे ते पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले.

एक गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेला मेंडेल १८५० साली बसले आणि नापास झाले. १८५६ साली पुन्हा बसले, तेव्हाही यश आलं नाही. त्यामुळे शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं ते बदली शिक्षक म्हणूनच. आणि त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्यांनी तो वाटाण्याचा प्रयोग सुरू केला, ज्यानं जगाची शेती बदलली.

जागा किती होती? सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबानं जेमतेम अडीच गुंठे. आधी त्यांनी व्यापाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण आणले आणि दोन वर्षं नुसते लावून पाहिले. जे वाण पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे येतात, असे २२ पुढच्या कामाला ठेवले. बी शुद्ध असल्याची खात्री पटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा.

वाटाणाच का निवडला? वाटाण्याचं फूल मिटलेलं असतानाच त्याच फुलातला पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. बाहेरचा पराग सहसा येत नाही, त्यामुळे वाण आपोआप शुद्ध राहतो. संकर करायचा तर कळी कोवळी असतानाच उघडून आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. आपल्याकडे कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बायाबापड्या आदल्या दिवशी मादी ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचा पराग लावतात. काम तेच. मेंडेल ते एकेका फुलावर स्वतः करीत.

त्यांनी सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटकं, असे स्पष्ट दिसणारे गुण. गोल दाण्याच्या वाणाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणाशी संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुतलेला एकही नाही. त्या काळचा समज असा होता, की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळून जातात. पण इथे मधलं काहीच निघालं नाही. सुरकुतलेपणा जणू नाहीसाच झाला.

मेंडेल तिथे थांबले नाहीत. त्या एकसारख्या गोल दाण्यांची झाडं वाढवली, त्यांना आपल्याच परागानं फळू दिलं आणि आलेले दाणे मोजले. ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल होते आणि १८५० सुरकुतलेले. नाहीसा झालेला गुण जसाच्या तसा परत आला होता! दाण्याच्या रंगाचंही तेच. ८०२३ दाण्यांत ६०२२ पिवळे, २००१ हिरवे. प्रत्येक गुणात जवळपास तीनास एक हेच प्रमाण. १८६३ पर्यंत आठ हंगामांत त्यांनी सुमारे २८,००० झाडं तपासली.

हे असं का होतं, ते घरच्या घरी समजून घेता येईल. दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत पन्नास लाल आणि पन्नास पांढऱ्या चवळीचे दाणे कालवा. एक वाटी बापाची, एक आईची. आता डोळे मिटून प्रत्येक वाटीतला एकेक दाणा उचला आणि जोडी लावा. असं बऱ्याच वेळा केलंत, तर साधारण चारातली एक जोडी लाल-लाल येईल, दोन जोड्या मिश्र आणि एक पांढरी-पांढरी. आता धरा, की जोडीत एक जरी लाल असला तरी झाड लालच दिसतं. म्हणजे तीन लाल दिसणार, एक पांढरं. मेंडेल यांचं उत्तर हेच होतं. प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईचा आणि एक बापाचा. एक प्रभावी असतो, दुसरा त्याच्यामागे दडून राहतो. दडलेला मरत नाही. पुढच्या पिढीत जोडी जमली की तो वर येतो.

याचा पुरावाही त्यांनी काढला. दुसऱ्या पिढीतले गोल दाणे पुन्हा पेरले. त्यांच्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले, तर ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेले दोन्ही. म्हणजे दिसायला सारख्या असणाऱ्या गोल दाण्यांतही दर तीनांतले दोन आतून मिश्र होते. बंधूंनो, इथेच आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. टपोरा दाणा डोळ्यांनी निवडला, तरी त्याच्या आत काय दडलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन दिवशी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्ग अभ्यास मंडळात हे सारं वाचून दाखवलं. १८६६ साली ते छापूनही आलं. पण झाडांच्या अभ्यासात हे आकडे आणि गुणोत्तरं कशाला, हे त्या काळच्या विद्वानांना उमगलं नाही. म्युनिकच्या नेगेली या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्यांनी पत्रव्यवहार केला. पुढे नेगेली ज्या रानझाडाचा अभ्यास करीत होते, त्या हॉकवीडवरही मेंडेल यांनी प्रयोग केले. तिथे मात्र त्यांचा नियम लागू पडेना. कारण नंतर कळलं. त्या झाडात बहुधा फलन न होताच बी तयार होतं आणि रोप आईसारखंच निघतं. आपल्या संत्रा बागायतदारांना असा प्रकार नवा नाही. जंबेरी खुंटाच्या एका बीतून अनेक रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईच्याच गुणाची असतात. पण मेंडेल यांना त्या वेळी हे कळायला मार्ग नव्हता.

१८६८ साली ते मठाचे प्रमुख झाले आणि कारभारात अडकले. १८७४ च्या कायद्यानं मठावर बसवलेला कर त्यांना मान्य नव्हता; त्यावरून सरकारशी शेवटपर्यंत वाद चालला. फळझाडं, मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी हे नाद मात्र सुटले नाहीत. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकारानं त्यांचं निधन झालं. लोकांनी निरोप दिला तो मठाच्या प्रमुखाला. त्यांनी केवढा शोध लावून ठेवला आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सोळा वर्षं गेली. १९०० साली द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांनी संकराचे प्रयोग केले आणि जुनी छापील पानं चाळताना त्यांना आढळलं, की हे सगळं मेंडेल यांनी आधीच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या त्या घटकांना पुढे जनुक हे नाव मिळालं. जनुक हे पेशीतल्या गुणसूत्रांवर असतात आणि ते डीएनए या पदार्थाचे बनलेले असतात. पीळ दिलेल्या शिडीसारखी त्याची रचना १९५३ साली उलगडली. १९९० साली तर मेंडेल यांचा वाटाणा सुरकुतत का होता, हेही कळलं. एका जनुकात डीएनएचा जादा तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे पिष्ट तयार करणारा एक घटक बिघडतो, दाण्यात साखर आणि पाणी जास्त राहतं आणि वाळताना दाणा आक्रसतो.

आता आपल्या शिवारात येऊ. १९६४ साली संकरित ज्वारी सीएसएच-१ आली, १९७० साली गुजरातेत सुरतला एच-४ ही संकरित कपाशी निघाली आणि २००२ पासून बीटी कपाशी आली. हायब्रीडची पिशवी म्हणजे मेंडेल यांची पहिली पिढी: सगळी झाडं एकसारखी आणि जोमदार. त्या पिकाचं बी पेरलं की दुसरी पिढी सुरू होते. एका गुणात तीनास एक फाटाफूट होते. इथे तर असंख्य गुण एकदम फुटतात. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी लवकर, कुणी उशिरा. संकराचा जोमही बराच घटतो, कारण मिश्र जोड्या प्रत्येक पिढीत निम्म्यानं कमी होत जातात. बीटीचा जनुक एकाच पालकाकडून आलेला असेल, तर पुढच्या बियांत साधारण चारात एका बीत तो नसतोच. पिशवीचे पैसे वाचले, पण हंगाम गेला, असा हा सौदा होतो.

याचा अर्थ घरचं बी कधीच वापरू नये, असा मात्र नाही. सोयाबीन, हरभरा, गहू ही पिकं वाटाण्यासारखीच स्वतःच्या परागानं फळतात. त्यांचे सरळ, सुधारित वाण एकदा प्रमाणित बियाणे घेऊन लावले, की पुढची दोन वर्षं घरचं बी खुशाल वापरावं. भेसळीची झाडं फुलोऱ्यात उपटून टाकावीत. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सोयाबीनचे सत्तर किंवा जास्त दाणे उगवले, तर बी पेरण्याजोगं आहे. तुरीच्या फुलावर मात्र मधमाश्या बाहेरचा पराग आणतात. तिचं बी राखायचं तर दुसऱ्या वाणापासून दूर आणि रानाच्या मधल्या भागातलं घ्यावं.

गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. पीक फसल्याची तक्रार आली, की आधी दोन गोष्टी विचाराव्यात: वाण सरळ होता की संकरित, आणि बी पिशवीतलं होतं की घरचं? पावती, टॅग आणि रिकामी पिशवी जपून ठेवायला शेतकऱ्याला पेरणीच्या वेळीच सांगावं. घरच्या हायब्रीड बियाण्याची फाटाफूट हा कंपनीचा दोष नसतो, आणि पिशवीतली भेसळ हा शेतकऱ्याचा दोष नसतो. हा फरक पंचनाम्यात यायला हवा.

बंधूंनो, यंदा बी राखताना पोत्यावर वाणाचं नाव, साल आणि सरळ की हायब्रीड एवढं खडूनं लिहून ठेवा. मेंडेल यांच्या अडीच गुंठ्यांतून सारं निघालं ते याच सवयीमुळे: काय पेरलं आणि काय उगवलं, याची त्यांनी नोंद ठेवली.