न्यायमूर्ती रानडे आणि आपली सोसायटी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा समितीचा आग्रह झाला. मी जन्मभर बँकेत आकडे लिहिले, लेख नाही. पण एका माणसाविषयी बरेच दिवस मनात होते, ते मांडतो.

आपल्या देवगाव रंगारीहून वैजापूर, येवला करत पुढे गेलं की निफाड लागतं. तिथे १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. तेव्हा आपला मुलूख निजामाकडे होता, निफाड इंग्रजांकडे. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले, पुढचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. वाचन इतके, की डोळे कायमचे अधू झाले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीत ते पास झाले, नंतर एम.ए. आणि कायद्याची परीक्षा दिली. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले.

कोर्ट सुटले की घरी बसून राहणारा हा माणूस नव्हता. सार्वजनिक सभा, मुलींच्या शाळा, विधवाविवाहाची चळवळ, सगळीकडे त्यांचा हात. मात्र १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि विधवेशी नव्हे, तर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. लोकांनी नावे ठेवली आणि ती योग्यच होती. मग त्यांनी त्या मुलीला शिकवले. त्याच पुढे रमाबाई रानडे म्हणून नावारूपाला आल्या.

सरकारला मात्र हा न्यायाधीश खटकू लागला. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे हादरले आणि संशयापोटी रानड्यांना धुळ्याला पाठवले. तिथे त्यांची टपालं उघडून पाहिली जात. बदलीचा कागद आला की घरात काय होतं, ते आम्हा बँकवाल्यांना विचारा! पण त्यांनी ना नोकरी सोडली, ना काम.

मला विशेष वाटते ते पुढचेच. १८७५ मध्ये सुपे गावापासून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि दस्त जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांसाठी कर्जपीडित शेतकऱ्यांचा कायदा आला. दस्तावरचा आकडा डोळे झाकून न मानता मूळ व्यवहार काय होता ते कोर्टाने पाहावे, हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी कुणाला तुरुंगात घालू नये, अशा त्यातल्या तरतुदी. या कामाची तपासणी करत रानडे गावोगाव फिरले. १८८७ मध्ये तर ते या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले.

पण निकालाने जुने कर्ज आटोक्यात येते; पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार? मीही पीककर्जाच्या वसुलीला खूप गावं हिंडलो आहे. हा प्रश्न ओसरीवर बसल्यावरच कळतो. रानड्यांना तो कळला होता. विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनी शेतकी बँकेची योजना आखली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचा ठरला. हिंदुस्थान सरकार राजी झाले, पण १८८४ च्या सुमारास लंडनहून नकार आला. योजना कागदावरच राहिली.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंग वारल्यावर रानडे मुंबई हायकोर्टात गेले. आपण निवृत्त मंडळी सकाळी बाकावर बसून गप्पा मारतो. त्यांना निवृत्ती लाभलीच नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाच्या एकोणसाठीला दोन दिवस कमी असताना, ते गेले. तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही वाट मिळाली आणि त्याच वाटेवर पुढे १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. आपल्या सोसायटीचा कारभार त्याच कायद्याने चालतो.

एकट्याला न झेपणारे ओझे चौघांनी मिळून उचलायचे, हाच सहकार. पंचवीस वर्षांत आपण पाणी, रस्ता, दिवे असेच उभे केले. अलीकडे मात्र वार्षिक सभेला कोरम भरत नाही, अर्ध्या तासाने तहकूब सभा घ्यावी लागते. ज्या गोष्टीला रानड्यांना नकार मिळाला, ती आपल्याला आयती मिळाली आहे. तेव्हा पुढच्या सभेला घरटी एक माणूस तरी यावा, आणि जमल्यास नव्या पिढीतला यावा, ही हात जोडून विनंती.